सहीखाली पत्ता

जगाच्या पाठीवर कुठंही निवडणूक लागली, की आमचे मामेसासरे आजारी पडतात. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. महापालिकेतून निवृत्त झालेले कारकून, मुक्काम लालबाग, मसाला कुटणाऱ्या डंखांच्या गल्लीतली चाळ, दुसरा मजला. त्यांच्या आजाराचा क्रम ठरलेला असतो. अर्ज भरायला सुरुवात झाली की पोटात गोळा, प्रचार संपला की आंबट ढेकर आणि मतदानाच्या दिवशी रक्तदाब. निवडणूक आपल्या वॉर्डातलीच हवी अशी काही अट नाही. भर समुद्रात कुठं तरी चार बेटांचा देश असेल, तिथं माणसांपेक्षा नारळ जास्त असतील, पण तिथं मतदान आहे असं पेपरात दोन ओळींत जरी आलं तरी लालबागला मामांच्या घरी मुगाची खिचडी शिजते, कारण दुसरं काही पोटात ठरत नाही. नाक्यावरचे डॉक्टर आता नाडी बघण्याआधी विचारतात, "काय मामा, आज कुठला देश?" मामा गंभीर चेहऱ्यानं देशाचं नाव, जागांची संख्या आणि तिथल्या मतदारयादीतला घोळ सांगतात. तेवढ्यात डॉक्टर गोळी लिहून मोकळे होतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. निवडणुकीची ड्युटी लागायची वेळ आली की त्यांच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना अचानक पाठीचा मणका असल्याची आठवण व्हायची. मामा मात्र आपलं नाव यादीत नसेल तर साहेबांच्या टेबलापुढे उभे राहून भांडत. तीसेक वर्षं या माणसानं परळ-लालबागच्या शाळांमधून, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसून, मतदान केंद्राध्यक्षाचं काम केलं. "त्या एका दिवशी मी हमाल असतो, जावईबापू," ते म्हणत. "मालकाचं सामान डोक्यावर असतं. न फोडता पोचवायचं, एवढंच." मला ते अत्यंत आदरानं जावईबापू म्हणतात, अहोजाहो करतात, आणि त्याच आदरानं "तुम्ही शुद्ध बावळट आहात" असंही सांगतात.

मतपेट्यांच्या काळात मतदान सुरू होण्याआधी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पेटी उपडी करून, बुडावर थापटी मारून ती रिकामी असल्याचं दाखवावं लागे. पेट्या जाऊन यंत्रं आली, पण ती थापटी मामांच्या हातात कायमची बसली. घरात कसलाही डबा भरायचा झाला तर तो आधी चार जणांना उपडा करून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मामी लोणचं घालायला बसली की बरणीवर थापटी. बाजारात कोळणीपुढे पिशवी उलटी करून झटकतात, आणि ती बाई ओरडते, "काय दादा, पिशवीत मांजर हाय काय?" माझ्या लग्नात पंगतीला श्रीखंड की बासुंदी यावर घरात वाद झाला, तेव्हा मामांनी पोह्यांच्या डब्याला चीर पाडून गुप्त मतदान घेतलं होतं. डबा लाखेनं बंद केला, वर शिक्का मारला. श्रीखंड प्रचंड बहुमतानं निवडून आलं आणि मामीनं बासुंदी केली. त्या दिवशी मामांनी निकालपत्र भिंतीला चिकटवून निषेध म्हणून बासुंदीच्या दोनच वाट्या खाल्ल्या.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे सहीखाली पत्ता. नाव, हुद्दा, सही आणि तिच्याखाली राहण्याचा पूर्ण पत्ता, अगदी खोली नंबरासकट. पत्ता नसलेली सही म्हणजे त्यांच्या मते नुसती रेघोटी. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर पत्ता, डॉक्टरांकडच्या नोंदवहीत पत्ता, दारावर पाहुण्यासाठी चिठ्ठी ठेवली तर तिच्यावरही त्याच दाराचा पत्ता. निवृत्तीनंतर परळच्या एका पतपेढीनं त्यांना आपल्या निवडणुकीचा अधिकारी नेमलं होतं. निकालाचा कागद मामांनी दारावर लावला, खाली सही, सहीखाली पत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेला उमेदवार चार धट्टेकट्टे लोक घेऊन, बाह्या सरसावत, दुसऱ्या मजल्यावर हजर. मी योगायोगानं तिथं होतो आणि खरं सांगतो, मी जाऊन मामीच्या मागे उभा राहिलो. मामांनी शांतपणे मोजणीचे कागद काढले, मामीनं घावणे काढले. दीड तास पाचही जण घावणे खात आकडे तपासत होते. शेवटी हरलेल्यानं निकाल मान्य असल्याची सही केली. "पत्ता घाला," मामा म्हणाले. तोही त्यानं घातला. ते गेल्यावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्ता दिला की माणूस भांडायला येतो, जावईबापू. पत्ता नसला की दगड येतो." हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की मला त्याचा वीट आला. आज कोणी ते म्हटलं तर मी उठून जाईन.

आमचं रविवारचं भांडण वेगळ्याच गोष्टीवर असायचं. मामांनी जगातल्या देशांची भाऊबंदकी लावून टाकलेली आहे, आणि तिच्यातली थोरली पाती, म्हणजे मोठ्या भावाचं घराणं, कोणती हे सांगायला नको. दुसऱ्याच्या घरी लोकशाही नीट नांदते की नाही हे बघायला विमानवाहू जहाज घेऊन जाणारा देश कोणता, ते पोरंही सांगतील. या थोरल्या पातीची लोकशाहीबद्दलची तळमळ खरी की सोंग, यावर आम्ही वीस वर्षं भांडलो. माझं म्हणणं साधं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. जिथं यांच्या मर्जीतला हुकूमशहा बसलाय तिथं यांना लोकशाहीची उचकीसुद्धा लागत नाही, आणि मर्जीतला नसला की लगेच गळा काढतात. मामा हे शांतपणे ऐकून घेत आणि मग माझी बिनपाण्यानं करत. "पक्षाचा प्रतिनिधी केंद्रात दिवसभर कशाला बसतो हो? लोकशाहीच्या प्रेमानं? त्याला त्याचा माणूस निवडून आणायचा असतो. पण तो डोळे वटारून बसतो म्हणून पेटी साफ राहते. हेतू तपासायचा नसतो, जावईबापू, पेटी तपासायची." मी विचारायचो, "आणि त्याचा माणूस पडला तर?" "तर तो शेवटच्या कागदावर सही करतो का ते बघायचं. तिथं कळतं." आतून मामी ओरडायची, "आधी खावन घेवा, मगे जगाचा काय ता बघा!" आणि थोरली पाती तेवढ्यापुरती वाचायची.

मामांची एकुलती एक मुलगी वृषाली, आमच्या हिची मामेबहीण. बापाचं वेड तिच्यात शिकून सवरून उतरलं. एम.ए. केलं, दोन संस्थांमधून काम केलं, आणि एक दिवस घरी येऊन तिनं सांगितलं की ती परदेशी चालली आहे. एका देशात लष्करशहाची राजवट नुकतीच संपली होती आणि पहिली निवडणूक होणार होती. तिथल्या शाळामास्तरांना मतदान केंद्र कसं चालवायचं ते शिकवण्याचं काम. संस्था थोरल्या पातीच्या सरकारी मदतीवर चालणारी. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. मी म्हटलं, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एवढ्या लांब कशाला जायचं?" वृषाली हसली. मामा हसले नाहीत. त्यांना एकाच वेळी अभिमान आणि धास्ती अशा दोन उबळी आल्या होत्या आणि कुठली आधी बाहेर काढावी हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी त्यांनी दुकानातून चाळीस पानी वही आणली आणि पंधरा दिवस बसून ती भरून काढली.

त्या वहीत त्यांचा सगळा जन्म होता. शाईची बाटली कलंडू नये म्हणून वाटीत वाळू घालून तिच्यात रोवावी. म्हाताऱ्या मतदाराला 'आजी' म्हणावं, पण बोट स्वतः धरू नये. केंद्राध्यक्षानं आदल्या दिवशी पावटे खाऊ नयेत. आणि सगळ्यांत शेवटी, खाली दोन रेघा मारून, मतदान संपल्यावर एकूण मतांचा आकडा एका कागदावर लिहावा, केंद्रावरच्या सर्वांनी नाव, हुद्दा, सही आणि राहण्याचा पत्ता घालावा आणि तो कागद केंद्राच्या दारावर लावावा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला येऊन विचारता येईल. वृषालीनं वहीचं भाषांतर करून घेतलं. पावटे तिनं गाळले. शेवटची सूचना मात्र थोरल्या पातीच्या तिथल्या साहेबांना इतकी आवडली, की त्यांनी ती तिच्या सगळ्या भागात लागू केली. हे ऐकून मामा मला म्हणाले, "बघा! आता बोला, सोंग म्हणून!"

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीनं फोनवर फोटो पाठवला. एका शाळेचं निळं दार, दारावर कागद, आणि शेजारी पन्नाशीच्या एक मुख्याध्यापिका उभ्या. जाड चष्मा, अंगावर ठेवणीतला पोशाख, आणि चेहऱ्यावर आपलाच दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद. खाली वृषालीनं लिहिलं होतं, "बाबा, या बाई म्हणतात, आमच्याकडे सरकारी कागदावर कोणी स्वतःचं नाव घालून जबाबदारी घेतलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तुमच्या वडिलांना सांगा." मामांनी तो फोटो चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडाला दाखवला. डंखवाल्याला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, त्या कोळणीलाही दाखवला. ती म्हणाली, "बाय ग्वाड हाय." मामा परत परत फोटो मोठा करून ती अनोळखी लिपी बघत होते. वाचता येत नव्हती, पण सहीखाली दोन ओळी जास्त आहेत हे त्यांना दिसत होतं.

निकाल लागला आणि थोरल्या पातीला जो नको होता तोच निवडून आला. परक्यांचा लष्करी तळ देशातून हलवा म्हणणारा. दुसऱ्या दिवशी थोरल्या पातीनं सांगितलं की निवडणुकीत मोठा घोळ झालेला आहे, हा निकाल आम्ही मानत नाही. एवढं म्हटल्यावर जुन्या लष्करशहाच्या माणसांना पाहिजे होतं तेच मिळालं. घोळ झाला तर तो कोणी तरी केला असणार, मग केला कोणी? केंद्रांवर बसलेल्या मास्तरांनी. वृषालीच्या संस्थेनं कचेरीला कुलूप लावलं आणि आपल्या लोकांना बाहेर काढायला विमान बोलावलं. विमानात तिथल्या मास्तरांना जागा नव्हती. वृषालीला होती. वीस वर्षांचं रविवारचं भांडण मी त्या दिवशी जिंकलो. असं जिंकणं वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये.

तिचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि आम्ही नवराबायको दादरहून लालबागलाच गेलो होतो. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवलेला. "बाबा," ती म्हणाली, "दारांवरचे कागद. त्यांच्याकडे सगळ्यांचे पत्ते आहेत. काल दोघांच्या घरी जाऊन आले." मामांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग बरं झालं ना, ज्याला शंका असेल त्यानं..." आणि ते तिथंच थांबले. त्यांचा चेहरा मी बघितला. पुन्हा कोणाचाच तसा बघायची माझी इच्छा नाही.

मामी फोनच्या अंगावरच गेली. "तू आत्ताच्या आत्ता इमानात बस!" वृषाली म्हणाली, "आई, मी शिकवलं म्हणून त्यांनी पत्ते लिहिले. मी आधी कागद काढते, त्यांना नातेवाइकांकडे हलवते, मग येते." आमची ही रडायला लागली. आम्ही सगळे मामांकडे बघत होतो, बाप आहे, ओरडेल, परत ये म्हणेल. मामांनी विचारलं, "किती केंद्रं?" "एकसष्ट." मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पालथं घातलं. मग म्हणाले, "शहरातल्यांपासून सुरू नको करू. तिथं माणसांना शेजार असतो. आडबाजूची आधी घे." मामी लेकीसाठी कळवळून ओरडली, "चेडवाक घराक बोलवा! केंद्रां कसली मोजतास?" मामांनी मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

पुढचे नऊ दिवस मी रोज ऑफिसच्या आधी लालबागला जात होतो. मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर एक ते एकसष्ट आकडे घातले होते. वृषालीचा निरोप आला की तेवढे आकडे खोडायचे. "आज सात." "आज चार, रस्ता बंद होता." "आज दहा." ज्या दिवशी निरोप यायला दुपार व्हायची, त्या दिवशी मामा गॅलरीच्या कठड्याला धरून असे उभे राहत की खालून जाणारी माणसं विचारायची, "मामा, बरं नाही का?" मामी त्यांच्याशी बोलत नव्हती. जेवणाचं ताट मात्र समोर ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. मी काही विनोद करायचा प्रयत्न केला तर माझाच आवाज मला परका वाटायचा. एकदा ते मला म्हणाले, "जावईबापू, माझ्या लक्षातच आलं नाही हो. मला वाटलं, लालबाग सगळीकडे असतं." मी त्यांचा हात धरला. आमच्या नात्यात ते बसत नाही, पण धरला.

साठ आकडे खोडले गेले. एकसष्टावा राहिला. त्या निळ्या दाराच्या शाळेत वृषाली पोचली तेव्हा कागद आधीच कोणी तरी काढून नेलेला होता. बाईंच्या घराला बाहेरून कुलूप, फोन बंद, शेजारी काही बोलायला तयार नाहीत. आणखी एक दिवस थांबून वृषाली सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात गेली आणि तिथून घरी आली. गाल बसलेले, आवाज गेलेला. मामीनं तिला जवळ घेतलं ते सोडायलाच तयार नव्हती. मामा दारातच उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई?" तिनं नकारार्थी मान हलवली. मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथं अवलक्षण माझं आणि हात त्या बाईचा." वृषाली त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, पत्ता नसता तरी त्यांना सापडल्या असत्या. गाव लहान आहे." "खरं सांगतेस?" मामांनी विचारलं. ती त्यांच्या धोतराची कड नीट करत राहिली.

याला आता बरेच महिने झाले. वृषाली पुन्हा गेलीय, त्या संस्थेत नव्हे. सरहद्दीपलीकडे पळून आलेल्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या मुलांना शिकवते, आणि नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला बाईंबद्दल विचारते. मामांनी तिला अडवलं नाही. वही दिली नाही. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले. मी रविवारी जातो. परवा पेपरात आलं की त्या देशात पुन्हा निवडणूक व्हायची आहे आणि थोरली पाती तिला सर्व मदत करणार आहे. मी मुद्दाम पेपर आपटून म्हटलं, "बघा मामा, पुन्हा सोंग!" मला वाटलं उसळतील, बावळट म्हणतील. "असेल," मामा म्हणाले. या माणसाला एकदा तरी गप्प करावं म्हणून मी वीस वर्षं धडपडलो, आणि आता ते गप्प बसले की माझ्या जिवाची नुसती घालमेल होते. मग मी उलटी बाजू घेतली. म्हटलं, "का हो, या वेळी त्यांचा हेतू खराही असेल. माणसं चुकांतून शिकतात."

मामांनी चष्मा काढला. "हेतूचं मला विचारू नका, जावईबापू," ते म्हणाले. "खरा असो, खोटा असो, निवडणूक तर होणार. त्या दिवशी सकाळी त्या शाळेचं निळं दार कोणाला तरी उघडावं लागेल हो. आत बसावं लागेल. आता कोण बसेल तिथं?"

स्वयंपाकघरात मामी भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता ती आतूनच म्हणाली, "कोण म्हंजे? तीच बाई बसतली."

मामा दाराकडे बघत राहिले. मामीएवढ्या खात्रीनं मला आयुष्यात कधी कशाबद्दल बोलता आलेलं नाही.